हॉटेलच्या दारातला गार्ड : तो कुठून आला आणि कशासाठी?

पुण्यात हॉटेलच्या दारात गणवेशातला माणूस उभा असणं ही फार जुनी रीत नाही. कॅम्पातली मोठी हॉटेलं आणि स्टेशनजवळचे काही लॉज सोडले, तर पूर्वी दारात कुणी नसायचं. गल्ल्यावर बसलेल्या मालकाची नजर पुरायची. आज बाणेरपासून मुंढव्यापर्यंत जरा बऱ्यापैकी चालणाऱ्या कुठल्याही हॉटेलात एक तरी गार्ड दिसतो आणि त्याची खरंच गरज आहे का, हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो. त्या वादात एक गोष्ट हमखास सुटते. हा माणूस वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कामासाठी दारात आला, पण एक काम संपलं म्हणून कुणी त्याला परत पाठवलं नाही. पुढचं कामही त्याच्याच गळ्यात पडत गेलं.

जुना भाग थोडक्यात. पेशवाईत रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्याची रवानगी चावडीवर व्हायची. गावगाड्यात रखवाली रामोशांकडे असे, आणि पुढे कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांवरही रामोशीच पहाऱ्याला असत. मुक्कामाच्या जागांबद्दल 1867 चा सराई कायदा बोलका आहे. उतारूंच्या, त्यांच्या जनावरांच्या आणि गाड्यांच्या रक्षणासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याला योग्य वाटतील तेवढे पहारेकरी सराईवाल्याने ठेवावेत, असं त्यात लिहिलं होतं. त्याच कायद्यानुसार दंडाधिकारी सराईत कोण कोण उतरलं याचा अहवालही मागवू शकत होता. सत्तावन्नच्या उठावाला तेव्हा जेमतेम 10 वर्षं झाली होती. पाहुण्याची राखण आणि पाहुण्यावर नजर या दोन्ही गोष्टी तेव्हापासून एकाच घरात नांदत आल्या आहेत.

आत कोणाला घ्यायचं, हा प्रश्न मात्र पुण्याने गार्डाशिवायच सोडवला होता, आणि वाईट तऱ्हेने सोडवला होता. जातीजातीच्या खाणावळी होत्या, वेगळी भांडी होती. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून शहरातल्या नामवंतांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तिकडे कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी एका दलित माणसाला हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथला चहा घेऊन दाखवला, तो याच रोगावरचा उतारा. असल्या समाजात दारात माणूस ठेवण्याची गरजच काय? ज्याने यायचं नाही त्याला ते आधीच ठाऊक असायचं. 1950 मध्ये राज्यघटनेच्या 15 व्या कलमाने दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारायला बंदी घातली. 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात अडवणं हा गुन्हा ठरला. ‘प्रवेशाचा हक्क राखीव’ ही पाटी त्यानंतरही भिंतीवर राहिली आणि आजही आहे. या कलमांपुढे तिला काही किंमत नाही. तरीही चपला, कपडे आणि बोलण्याची ढब यांवरून माणूस जोखायचं काम ती दारातल्या माणसावर सोपवते. माझ्या मते आजच्या गार्डाचं निम्मं काम हेच आहे. ते त्याला कुणी लेखी दिलेलं नसतं.

खरा बदल झाला तो 2008 ते 2012 या चार वर्षांत. मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 ला समुद्रकाठची दोन मोठी हॉटेलं लक्ष्य झाली. त्यातल्या एका हॉटेलच्या समूहप्रमुखांनी नंतर स्वतःच सांगितलं की इशारा आधी मिळाला होता, पुढच्या दारात मेटल डिटेक्टरही होता, पण हल्लेखोर मागच्या बाजूने आले. या सांगण्यातून काय घ्यायला हवं होतं ते उघड आहे. घेतलं गेलं ते भलतंच. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांनीही पुढचंच दार अधिक भक्कम केलं. बॅगा यंत्रातून जाऊ लागल्या आणि फाटकावर गाडी थांबवून तिच्याखाली दांड्याला लावलेला गोल आरसा फिरू लागला. तो आरसा फिरवताना कधी नीट पाहावं. गार्डाचा हात सवयीने गाडीभोवती अर्धा फेरा घेतो, नजर पुढच्या गाडीवर असते, आरशावर बोटभर धूळ असते आणि डिकी उघडून लगेच बंद होते. बाँब खाली बांधलेला असेल तर कसा दिसेल, हे त्याला कुणी दाखवलेलं असतं का, कोण जाणे.

13 फेब्रुवारी 2010, शनिवारची संध्याकाळ. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या बॅगेत स्फोट झाला. 17 जणांचा जीव गेला आणि जवळपास 60 जखमी झाले. पलीकडे ओशो आश्रम, जवळच ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक नेहमीचंच. जागा मोकळी, कुणीही यावं, बसावं, तासभर गप्पा माराव्यात अशी. थांबवायला तिथे धड दार नव्हतं, आणि लोकांना ती आवडायची ती त्यासाठीच. मुंबईच्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा अमेरिकी पासपोर्टधारक स्फोटाच्या आदल्या वर्षी याच परिसरातल्या हॉटेलात उतरून गेला होता, हे नंतर उघड झालं. परदेशी पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवण्याचा नियम तेव्हाही होताच. रीतसर पैसे भरून, हसून बोलून राहणाऱ्या माणसाला दारातला कुठला गार्ड अडवणार होता? पुढे 1 ऑगस्ट 2012 ला जंगली महाराज रस्त्यावर कमी तीव्रतेचे चार स्फोट झाले. एक जण जखमी झाला. बेकरी 2013 मध्ये पुन्हा सुरू झाली, तोवर शहराला बॅग उघडून दाखवायची सवय लागून गेली होती.

सवय म्हणण्याचं कारण असं की खासगी गार्डाला झडतीचा अधिकारच नाही. आपण बॅग उघडतो ती स्वखुशीने. समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणाही नागरिकाला गुन्हेगाराला धरून पोलिसांकडे देता येतं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत त्यासाठी सहा तासांची मुदत आहे. गार्डाचा अधिकार तेवढाच, म्हणजे शेजारच्या टेबलावर मिसळ खाणाऱ्याइतका.

मग गार्ड म्हणजे नेमका कोण? इथे कायद्याने असा घोळ घालून ठेवला आहे की भलेभले हॉटेलवाले गोंधळतात. महाराष्ट्राने 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला. 1969 च्या माथाडी कायद्याचा साचा समोर होता. एजन्सी गार्ड पुरवायची, मालकाकडून पैसे घ्यायची आणि गार्डाच्या हातावर उरलंसुरलं टेकवायची. ते थांबवण्यासाठी मंडळं नेमली. गार्डाने मंडळात नोंदणी करायची, मंडळाने त्याला आस्थापनेत पाठवायचं, आणि पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा हे सगळं मंडळामार्फत. म्हणजे हा कायदा मुळात कामगाराचा, सुरक्षेचा नव्हे. त्याच कायद्यात सूट देण्याचं कलम आहे. गार्डांना मंडळापेक्षा कमी लाभ मिळत नसतील तर सरकार सूट देऊ शकतं. मंडळाचे गार्ड आणि सूट मिळालेल्या एजन्सीचे गार्ड अशा दोन जाती तिथूनच पडल्या.

केंद्राचा कायदा आला 2005 मध्ये. तो पाहतो परवान्याकडे: एजन्सी कोण चालवतं, गार्डाची पोलीस पडताळणी झाली का, प्रशिक्षण झालं का. नमुना नियमांत वर्गातले 100 तास आणि मैदानावरचे 60 तास सांगितले आहेत, किमान 20 कामाच्या दिवसांत. सैन्यासारखा किंवा पोलिसांसारखा गणवेश घातला तर शिक्षा आहे. आता हे दोन कायदे एकत्र ठेवून पाहा. 1981 च्या कायद्यातला सुरक्षारक्षक एजन्सीमार्फत आलेला असावा लागतो. मालकाचा थेट, कायम नोकर त्यात बसत नाही. त्यामुळे मालकाने गावाकडून आणलेला, शिट्टी गळ्यात अडकवून रात्री शटरपाशी झोपणारा माणूस मंडळाच्या हिशेबी सुरक्षारक्षकच नाही. केंद्राचा कायदा एजन्सीवर बेतलेला, म्हणून तिथेही तो सापडत नाही. पगारपत्रकात तो ‘हेल्पर’ असतो. दोन्ही कायदे पाळणारी एजन्सी महाग पडते, म्हणून लहान हॉटेलं याच वाटेने जातात. आणि ‘बाउन्सर’ हा शब्द तर दोन्हीकडे नाही. काळा टी-शर्ट घालून पबच्या दारात उभा असलेला धिप्पाड पोरगा कायद्याच्या भाषेत एकतर सुरक्षारक्षक आहे किंवा कुणीच नाही. भांडण झालं की हॉटेल म्हणतं एजन्सीचा, एजन्सी म्हणते रोजावर आलेला.

रोजच्या व्यवहारात गार्डाचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो पार्किंगमध्ये. आज पी-1 आहे की पी-2, म्हणजे गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची, टोइंगवाले कुठल्या कोपऱ्यावर आलेत, दुचाकी किती तिरकी लावली की आणखी एक बसेल, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. यामागेही निवाडा आहे. दिल्लीतल्या एका तारांकित हॉटेलात 1998 मध्ये पाहुण्याने कर्मचाऱ्याकडे किल्ली दिलेली गाडी चोरीला गेली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किल्ली घेतली म्हणजे गाडी हॉटेलच्या ताब्यात आली, आणि निष्काळजीपणा असेल तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापून सुटका नाही. सराई कायद्यातल्या जनावरांच्या आणि गाड्यांच्या पहारेकऱ्याची इथे आठवण यावी.

आणि मग 19 मे 2024. कल्याणीनगरमध्ये पहाटे एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या आलिशान गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. अपघाताआधी मुलाला मद्य दिल्याच्या आरोपावरून पबचालकांना अटक झाली. राज्यात कडक मद्यासाठी वयाची अट 25 ची आहे. पंधरा वर्षं दारांवर बॅगा उघडल्या गेल्या, खिसे चाचपले गेले. वय विचारायची वेळ आली तेव्हा ते कुणाचंच काम नव्हतं. गार्ड म्हणतो मॅनेजरने बघावं, मॅनेजर म्हणतो दारातून आला म्हणजे बघितलंच असेल. शिवाय गार्डाची पंचाईत खरी आहे. महागड्या गाडीतून उतरलेल्याला ओळखपत्र मागायचं आणि तो चिडला तर नोकरी कुणी वाचवायची? चप्पल घालून आलेल्याला अडवणं त्या मानाने सोपं आणि बिनधोक.

गार्ड मुळीच नको, असं यातून निघत नाही. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्याने रात्री काम करणाऱ्या महिलांच्या सुरक्षेची जबाबदारी मालकावर टाकली आहे आणि रात्री दीडला स्वयंपाकघर आवरून निघणाऱ्या बाईला दारात माणूस असण्याचा आधार वाटतोच. त्याच कायद्याने दिवसाचं काम 9 तासांचं ठरवलं होतं. गार्डाची शिफ्ट सर्रास 12 तासांची असते, आणि रिलिव्हर आला नाही की डबल ड्युटी. हॉटेल एजन्सीला माणशी किती देतं आणि त्यातलं गार्डाच्या हाती किती पडतं, हा 1981 मधला मूळ प्रश्न दारावरच्या वादात क्वचितच कुणी विचारतं.