पार्श्वभूमी : 'ओरिजनल' मारिओ नेमका कोणता?

जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचा नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, बाजारात आला आणि त्याच्यासोबत डाँकी काँग या गेममधल्या गोरिलाचं तोंड बदललं. डोळे मोठे, भुवया खेळकर, चेहरा कार्टूनसारखा बोलका. जुन्या खेळाडूंनी जगभर ओरड केली की आमचा ओरिजनल काँग घालवला. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका गेमिंग कॅफेतही हा वाद पावसाळाभर पुरला. पण ज्याला सगळे ओरिजनल म्हणत होते तो चेहरा १९९४ सालचा. कपाळाची जाड कड आणि खोल गेलेले डोळे त्या वर्षी एका ब्रिटिश स्टुडिओने संगणकावर नव्याने घडवले. १९८१ च्या पहिल्या खेळात पिंपं ढकलणारा गोरिला वेगळाच होता, आणि २०२५ चा नवा चेहरा उलट त्याच्याच जवळ जातो. नाशिकपुरती आणखी एक गंमत आहे. १९९४ चा तो खेळ ज्या यंत्रावर आला ते यंत्र वाद घालणाऱ्यांपैकी कुणाच्याच घरी नव्हतं. पिंपवाला जुना काँग मात्र कॅसेटमधून निम्म्या जणांनी लहानपणी खेळलेला होता. म्हणजे स्वतः पाहिलेला विसरून इंटरनेटवर कळलेला ओरिजनल ते कवटाळून बसले होते.

हा शब्दच आधी सोडवून घ्यायला हवा, कारण पुढचा निम्मा गुंता त्याचाच आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे गेमच्या बाबतीत 'ओरिजनल' म्हणजे डुप्लिकेट नसलेला, एवढाच अर्थ होता. आणि डुप्लिकेट तर सगळंच होतं. मेन रोडला 'टीव्ही गेम' घ्यायला गेलं की दुकानदार विचारायचा, "ओरिजनल दाखवू की साधा?" त्याचा ओरिजनलही जपानी यंत्राची नक्कलच असायचा. फरक इतकाच की वायर जरा जाड, आणि रिमोटची बटणं दिवाळीच्या सुट्टीतच आत बसायची नाहीत. कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं असायचं. आत दहा-बारा खेळ, बाकी सगळे त्याच खेळांच्या पुढच्या लेव्हल वेगळ्या नावाने.

दुसरा अर्थ इतिहासाचा : सगळ्यात आधी आलेला. हा अर्थ सरळ वाटतो, पण टिकत नाही. एकच खेळ पार्लरच्या यंत्रासाठी, घरच्या यंत्रासाठी आणि संगणकासाठी वेगवेगळा काढला जायचा, त्यामुळे एका नायकाची दोन वर्षांत तीन-चार रूपं व्हायची. त्यातलं पहिलं कोणतं हे तारखेने ठरतं, पण ते किती जणांनी पाहिलं हा प्रश्न उरतोच.

तिसरा अर्थ कुणी कबूल करत नाही, पण चालतो तोच. ओरिजनल म्हणजे मी पहिल्यांदा पाहिलेला. आणि अलीकडे चौथा आला आहे : कंपनी स्वतःच जुनं रूप 'क्लासिक' असं नाव देऊन विकायला ठेवते, तो. या चार अर्थांची भांडणं एकाच टेबलावर चालतात आणि प्रत्येकाला वाटतं समोरचा खोटं बोलतोय.

पांडवलेणीतही हाच पेच आहे. सुरुवातीच्या विहारांत बुद्धमूर्ती नव्हत्या. पुढे काही शतकांनी, महायान काळात, काही लेण्यांमध्ये त्या कोरल्या गेल्या. आज पायऱ्या चढून धापा टाकत पोचलेला माणूस ते सगळं एकाच काळाचं समजून फोटो काढतो. नाव तर पांडवांचं, ज्यांचा तिथे काडीचा संबंध नाही.

मारिओकडे वळू. टोपी का, तर केस काढायला जागा नव्हती. मिशी का, तर नाक वेगळं दिसावं आणि तोंड काढायला लागू नये. डंगरी का, तर पळताना हात अंगापासून वेगळे कळावेत. हे सगळं आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. कपड्यांच्या रंगाकडे मात्र कमी लक्ष जातं. १९८१ मध्ये, डाँकी काँगच्या त्याच पहिल्या खेळात, तो लाल डंगरी आणि निळ्या शर्टात होता, आणि त्याचं नावही तेव्हा मारिओ नव्हतं, जंपमन होतं. १९८५ मध्ये घरच्या यंत्रावरच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये डंगरी लालच राहिली, शर्ट मात्र खाकीकडे झुकला आणि केसही शर्टाच्याच रंगाचे झाले. कारण साधं आहे : त्या यंत्रावर एका आकृतीच्या वाट्याला एका वेळी तीनच रंग यायचे. एक टोपी आणि डंगरीला गेला, एक कातडीला, उरलेला एक केस, मिशी, शर्ट आणि बूट यांनी वाटून घेतला. छोटा मारिओ सोळा बाय सोळा ठिपक्यांचा. एवढ्या जागेत याहून जास्त चैन परवडत नव्हती. त्याच खेळातले ढग आणि झुडपं हा एकच आकार आहे, फक्त रंग वेगळा, हे लक्षात आलं की काटकसर किती होती ते कळतं.

आमच्या कॅसेटच्या स्टिकरवर मात्र निळ्या डंगरीतला मारिओ असायचा, म्हणजे नंतरच्या वर्षांतला. पडद्यावर लाल. आमचा एक मावसभाऊ शपथेवर सांगायचा की ओरिजनल कॅसेटमध्ये निळीच येते, आपल्याला फसवलंय. फसवलं होतंच, पण डंगरीबाबत नाही. जपानमधल्या अस्सल कॅसेटमध्येही ती लालच होती.

काँट्राची गोष्ट वेगळ्या वळणाची. १९८७ च्या त्या खेळातले दोन उघडे पिळदार सैनिक, एक निळ्या पँटचा आणि एक लाल, इथल्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. युरोपात १९९० मध्ये हाच खेळ 'प्रोबोटेक्टर' नावाने आला आणि त्यात सैनिकांच्या जागी यंत्रमानव होते. जर्मनीत मुलांसाठीच्या हिंसक खेळांवर निर्बंध कडक होते. माणसाने माणसाला गोळी घालण्यापेक्षा यंत्राने यंत्राला उडवणं तिथे खपण्यासारखं होतं. खेळ तोच, उड्या त्याच, गोळ्याही त्याच. त्या वयाच्या जर्मन मुलाला विचारलं तर ओरिजनल काँट्रा म्हणजे रोबोट. आपल्याकडे नक्कल करणाऱ्यांनी युरोपची आवृत्ती उचलली असती तर आपणही हेच म्हटलं असतं. चोराने कोणत्या घरातून माल उचलला, यावर आपलं बालपण ठरलं.

कॅसेटच्या जोडीला शाळेची कॉम्प्युटर लॅब होती. चप्पल बाहेर काढून आत जायचं, सरांचं लक्ष नसलं की डॉस या जुन्या प्रणालीत डेव्ह नाहीतर प्रिन्स हा खेळ सुरू करायचा. मॉनिटर काळेपांढरे, त्यामुळे डेव्हची टोपी लाल आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण आकृतीच्या बदलाची सगळ्यात भरगच्च कथा प्रिन्सची आहे.

प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी आला, आणि त्यातला नायक चितारलेला नव्हता, उतरवलेला होता. निर्मात्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यातली एकेक चौकट ठिपक्यांमध्ये उतरवली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या एका हॉलिवूडपटातलं द्वंद्व असंच चौकटीचौकटीने वापरलं. म्हणून तो राजपुत्र कडेवरून उतरताना खराखुरा कचरतो, धावता धावता थांबायला त्याला दोन पावलं जास्त लागतात. पांढरे कपडे हा पोशाखाचा विचार नव्हता, काळ्या पार्श्वभूमीवर हातपाय स्पष्ट दिसावेत म्हणून केलेली सोय होती. आरशातून बाहेर येणारी ती सावलीही सोयीतूनच जन्मली. नव्या शत्रूची चित्रं ठेवायला मेमरी उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचंच चित्र किंचित सरकवून त्याच्यावर असं बसवलं, की दोन्हींचे ठिपके सारखे तिथे काळं आणि वेगळे तिथे उजळ. सावली झाली, जागाही लागली नाही.

पागोटं आणि बंडी त्याला पुढे मिळाली, १९९० च्या जपानी संगणकावरच्या आवृत्तीत. ती पुढे मॅकवर आणि १९९३ च्या दुसऱ्या भागात गेली. त्यामुळे कुणाच्या आठवणीत प्रिन्स बोडक्या डोक्याचा असतो, कुणाच्या डोक्यावर पागोटं असतं, आणि दोघांचंही खरं असतं. आमच्या लॅबमधला बोडका.

२००३ मध्ये तो त्रिमिती झाला. जरा लाडावलेला, गोष्ट सांगणारा, मृदू आवाजाचा. शरणपूर रोडच्या आसपासच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही तो संपवला, मधल्या लोडशेडिंगसकट. आणि पुढच्याच वर्षी कंपनीने त्याला लांब केस, चामड्याचे पट्टे, तोंडी शिवी आणि मागे मेटल गिटार दिली. याला 'प्रौढ' रूप म्हटलं गेलं. पहिला प्रिन्स घडवणाऱ्यानेही ही दिशा आणि त्यातला रक्तपात आपल्याला आवडला नाही, असं उघड सांगितलं. माझं मत विचाराल तर तो प्रिन्स प्रौढ नव्हता, अकरावीत गेलेला होता. पण तेव्हा अकरावीत असलेल्या मित्रांना तोच आवडायचा, हेही नोंदवलं पाहिजे. २००५ च्या भागात तडजोड झाली आणि दोन्ही प्रिन्स एकाच अंगात भांडू लागले. २००८ मध्ये सगळं पुसून तिसराच आणला. २०२४ च्या खेळात तर नायक राजपुत्र राहिलाच नाही, तो राजपुत्राला सोडवायला निघालेला योद्धा आहे.

'टूम्ब रेडर'ची नायिका लारा क्रॉफ्ट हिच्याबद्दल खूप लिहून झालंय, म्हणून एवढंच. १९९६ च्या खेळात तिची वेणी खेळताना दिसत नाही, कारण हलणारी वेणी यंत्राला झेपत नव्हती. ती दुसऱ्या भागात, १९९७ मध्ये आली. २०१३ मध्ये तिचे आखूड कपडे गेले, शरीर माणसासारखं झालं आणि अंगावर चिखल आला. यावरही ओरिजनलवाले चिडले. २०२४ च्या नव्या आवृत्तीत एक बटण दाबलं की चालू खेळात जुनी चित्रं, पुन्हा दाबलं की नवी. ते बटण दाबून पाहिल्यावर बऱ्याच जणांना कळलं की आठवणीतली लारा या दोन्हींपेक्षा सुंदर होती.

ज्या बदलावर इथले पस्तिशीतले लोक अजून चिडतात तो मात्र २०२१ चा. व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे 'जीटीए' मालिकेतले खेळ इथे सीडीवर हातोहात पसरलेले. सॅन अँड्रियासमधला नायक सीजे २००४ मध्येच आपल्या हातात बदलत होता : बर्गर खाल्ले की पोट सुटायचं, जिमला नेलं की दंड भरायचे. २०२१ मध्ये हे खेळ 'अंतिम' आवृत्ती म्हणून झळाळी देऊन पुन्हा विकले गेले. जुनी चित्रं सॉफ्टवेअरने आपोआप धारदार केली होती आणि चेहरे प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत झाले होते. एका डोनटच्या दुकानाच्या पाटीवर षटकोनी नट होता, म्हणजे बोल्टचा नट. नावातली कोटीच त्या नटावर होती. गुळगुळीत करण्याच्या नादात तो गोल झाला आणि कोटी मेली. कंपनीने माफी मागितली आणि दुकानातून काढलेले जुने खेळ परत विकायला ठेवले.

भारतीय म्हणून काढलेलं पात्र या सगळ्यात एकच ठळक होतं, स्ट्रीट फायटर टूमधला धालसिम, १९९१ चा. लांबणारे हातपाय, तोंडातून आग, गळ्यात कवट्या. २०१६ मध्ये त्याला दाढी आणि पगडी मिळाली. वय वाढल्याचं दाखवायचं होतं म्हणे, पण पंचवीस वर्षांनीही त्याचं मुख्य कौशल्य 'योगा' ओरडणं हेच आहे. 'राजी' या खेळातल्या नायिकेसारखी पोरगी, सर्कशीत वाढलेली आणि भावाला शोधत निघालेली, पुण्यातल्या एका स्टुडिओतून २०२० मध्ये आली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

आणि मग फोन. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला. जुलै २०२१ मध्ये तो वेगळ्या नावाने परतला तेव्हा रक्त हिरवं झालं होतं आणि सुरुवातीलाच अंगावर पुरते कपडे आले होते. काँट्राच्या रोबोटांची आठवण यावी असाच प्रकार. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. तोवर फ्री फायरवरही बंदी आलेली होती. दरम्यान, पात्र बदलायला पाच-दहा वर्षं लागण्याचे दिवस संपले होते. आता बदल हाच माल आहे. दर महिन्याला नवा आऊटफिट, सणावाराला वेगळा, बंदुकीचा रंग वेगळा. आधी मेमरी वाचवण्यासाठी एकच चित्र दोनदा वापरायचे, आता एकाच सांगाड्यावर हजार पोशाख चढवतात. 'स्किन' या शब्दाचाही गोंधळ आहेच. पोरं पोशाखालाही स्किन म्हणतात, गाडीच्या रंगालाही, आणि कधी कधी अख्ख्या पात्रालाही.

सिडकोत राहणाऱ्या भाच्याला गेल्या आठवड्यात विचारलं, की तुझ्या गेममधला ओरिजनल माणूस कोणता. त्याने दोन मिनिटं इन्व्हेंटरीत खाली खाली सरकवत तो शोधून काढला. साधा टीशर्ट, साधी पँट.

"हा," तो म्हणाला. "पण मामा, हा घालून गेलं की सगळे बॉट समजतात, कॉम्प्युटरच चालवतो तो खोटा खेळाडू."