रोपशोध, मोठ्या दुकानांतील

मोठ्या साखळी दुकानांत ठोकाने आलेल्या कुंड्यांमधून संग्राहकांच्या पसंतीचे एखादे घररोप हुडकून काढण्याचा छंद. किराणा, फर्निचर किंवा बांधकामाचे साहित्य विकणारी ही दुकाने रोपांचा भाव बहुधा कुंडीच्या मापावरून लावतात. जात कोणती, पानावरचा पट्टा कसा, याचा त्या भावाशी फारसा संबंध नसतो. त्यामुळे साध्या मनी प्लांटच्या रांगेत त्याच किमतीला एखादा निराळ्या जातीचा वेल उभा असू शकतो, आणि तो ओळखणाऱ्यालाच दिसतो. हौशी मंडळी याला इंग्रजीतूनच ‘प्लांट हंटिंग’ म्हणतात. या छंदाला पैशाआधी नजर लागते, आणि ती पाने पाहून पाहूनच तयार होते.

उगम : छंद मूळचा अमेरिकेतला. होम डेपो, लोज, वॉलमार्ट या दुकानांना मोठा बागविभाग असतो. तेथील बरीचशी घररोपे फ्लोरिडातल्या प्रचंड रोपवाटिकांतून ट्रकने येतात. १९६१ मध्ये सुरू झालेली कोस्टा फार्म्स ही त्यांतली सर्वांत परिचित. नव्या मालाचा ट्रक कोणत्या वारी उतरतो हे संग्राहक विचारून ठेवतात, ‘असॉर्टेड फोलिएज’ (मिसळीची शोभेची पाने) एवढीच चिठ्ठी असलेल्या लहान कुंड्या एकेक करून पाहतात. सवलतीच्या मांडणीवर माना टाकलेल्या रोपांतही मुळे शाबूत असलेले एखादे निघते. २०२० च्या टाळेबंदीत माणसे घरात अडकली आणि कुंडीतल्या झाडांची मागणी जगभर वाढली. जून २०२१ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑनलाइन लिलावात पांढऱ्या छटेच्या ऱ्हॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा या वेलाचे एक रोप २७,१०० न्यूझीलंड डॉलरला गेले. असे आकडे कानावर आल्यावर साध्या दुकानातली साधी फळीही लोक निरखून पाहू लागले.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो आपल्याकडे जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. मनी प्लांटच्या ‘मार्बल क्वीन’ जातीत आपोआप झालेला एक बदल बोईसर (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथील रोपवाटिकेत हेरला गेला. त्यातून ‘एनजॉय’ ही आखूड पेऱ्यांची, पांढऱ्या-हिरव्या पानांची जात पुढे आली. ‘मंजुला’ ही जातही त्याच उत्पादकाची. दोन्हींना अमेरिकेत वनस्पती-पेटंट मिळाले आणि आज त्या तिकडच्या मोठ्या दुकानांत शोधून घेतल्या जातात. हजारो रोपांमधले एक पान वेगळे आहे हे कोणाच्या तरी लक्षात आले, एवढ्यावर हे सारे उभे राहिले.

दुर्मीळपणा कशाने येतो : संग्राहकांची बहुतेक लाडकी रोपे अळू-सुरणाच्या कुलातली (ॲरेसी) आहेत. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, अलोकॅसिया आणि मनी प्लांट ही सगळी आपल्या अळूची भावंडे. अळू घशाला खाजते ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे स्फटिक या शोभेच्या रोपांतही असतात. रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात ती उंचावर ठेवावीत हा सल्ला म्हणूनच मनावर घ्यायचा असतो.

या रोपांत सर्वाधिक मोल पांढऱ्या किंवा पिवळसर डागांच्या, म्हणजे ‘व्हेरिगेटेड’, पानांना आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, म्हणून तो भाग अन्न तयार करू शकत नाही. असे रोप सावकाश वाढते. पूर्ण पांढरे पान देखणे दिसते, पण ते झाडाच्या जिवावर जगते आणि लवकर करपते. मॉन्स्टेराच्या ‘अल्बो’ प्रकारात हिरव्या आणि रंगहीन पेशींची एकाच खोडात सरमिसळ असते. प्रयोगशाळेत बाटलीमध्ये पेशींपासून रोपे करताना (टिश्यू कल्चर) ही सरमिसळ जशीच्या तशी उतरत नाही. म्हणून अल्बो वाढवायचा तर पेरे कापून, डोळा जपून, एकेक कटिंग लावावे लागते, आणि फांदी कधीही पुन्हा हिरवी होऊ शकते. ‘थाई कॉन्स्टेलेशन’ या प्रकारात मलईच्या रंगाचे बारीक ठिपके प्रत्येक पानात येतात आणि टिश्यू कल्चरमध्येही टिकतात. एके काळी मोठ्या रकमेला विकले जाणारे हे रोप २०२४ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर आले आणि त्याचा भाव कोसळला.

सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. करमाळ्याकडच्या केळीच्या बागा टिश्यू कल्चरच्या जी-९ जातीच्या रोपांवर उभ्या आहेत. केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि डाळिंबाची टिश्यू कल्चरची रोपेही जिल्ह्यात लावली जातात. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेले पोषक माध्यम आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. केळीच्या बाटलीत असते तेच, थोड्या फरकाने, मॉन्स्टेराच्या बाटलीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच तंत्राने वाढवलेल्या बांबूला बाटलीतच फुले आली होती. ते संशोधन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. बाटलीतून लाखो रोपे निघू लागली की दुर्मीळपणा संपतो. ज्याला झाड हवे असते त्याच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते गुंतवणूक म्हणून रोपे साठवणे चुकीचेच. ज्या रोपाचा भाव आज चढा आहे त्याच्या बाटल्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत भरल्या जात असतात.

सोलापुरातील रूप : अमेरिकेतल्यासारखा अवाढव्य बागविभाग येथे नाही. सुपरमार्केटमध्ये जिवंत रोपे दिसलीच तर ती मोजक्या जातींची असतात : लकी बांबू, स्नेक प्लांट, मनी प्लांट, झीझी. (लकी बांबू हा बांबू नव्हे, तो आफ्रिकेतला ड्रॅसिना आहे.) शोध घ्यायचा तो यांच्यातच, आणि तो वाटतो तितका कोरडा जात नाही. स्नेक प्लांटच्या कुंड्यांत रुपेरी पानांचा प्रकार मिसळलेला असतो, मनी प्लांटच्या गठ्ठ्यात एखादी काडी मार्बल क्वीनची निघते. दिवाळीच्या आधी भेटवस्तू म्हणून माल भरला जातो तेव्हा निवडीला जास्त वाव असतो.

खरा शोध मात्र शहराबाहेर जातो, आणि त्याचा कणा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत तो मच्छलीपट्टणला पोहोचतो. पुण्याच्या बाजूला याच रस्त्यावर उरुळी कांचनच्या रोपवाटिका लागतात. पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबाद आहे. तेथे ९ ऑगस्ट २०१८ रोजी इकिया या स्वीडिश फर्निचर-साखळीचे भारतातले पहिले दुकान उघडले, आणि मोठ्या दुकानातला रोपविभाग म्हणजे काय हे सोलापूरकराला तेथे पाहायला मिळते. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबांचे तेलंगणात सोयरेधायरे आहेत. लग्नकार्याला गेलेल्या माणसाला परतीच्या पिशवीत एक कुंडी आणायला सांगणे यात नवल नाही. या दुकानात नवख्याने एक लक्षात ठेवावे : ‘फेयका’ अशी चिठ्ठी असेल तर झाड प्लास्टिकचे आहे. ही हुबेहूब झाडे खऱ्या कुंड्यांच्या जवळपासच मांडलेली असतात.

आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ कडियम हा रोपवाटिकांचा मोठा पट्टा आहे. तेथील रोपे ट्रकने दूरदूरच्या रोपवाटिकांत जातात. त्यातल्या गठ्ठ्यांत जातीचे नाव क्वचितच लिहिलेले असते. ‘फिलो’, ‘शो’, ‘कलर’ एवढ्यावर भागते. सोलापुरात विकणारा आणि घेणारा कदाचित तीन भाषांत बोलत असतात. मराठीतले झाड कन्नडमध्ये गिड होते आणि तेलुगूत मोक्क. शास्त्रीय नाव कुठेच नसते, म्हणून पानाचा देठ, शिरा, कोवळ्या पानाचा रंग आणि पेऱ्यावरची हवाई मुळे यांवरूनच ओळख पटवावी लागते. मोठ्या दुकानातल्या शोधाची कला येथे जशीच्या तशी उपयोगी पडते, आणि भावात घासाघीसही करता येते.

ओळखीतल्या चुका व फसवणूक : गुलाबी पानांचा ‘पिंक काँगो’ फिलोडेंड्रॉन काही वर्षांपूर्वी मोठ्या किमतीला खपला. त्याचा गुलाबी रंग रासायनिक प्रक्रियेने आणलेला होता. काही महिन्यांत नवी पाने हिरवी आली. ‘पिंक प्रिन्सेस’ हा वेगळा आणि खरा प्रकार आहे, त्याचा गुलाबी रंग झाडाच्या पेशींतला आहे. लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ फसवणूक नव्हे, पण दोन झाडांचे कलम आहे. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसते, आणि खालचा हिरवा दांडा ड्रॅगन फ्रूटच्या वर्गातल्या निवडुंगाचा असतो. या ड्रॅगन फ्रूटची शेती आता जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागातही दिसते. निवडुंगावर डिंकाने चिकटवलेली वाळकी फुले आणि रंग फवारलेले सक्युलेंट (मांसल पानाखोडांची रोपे) मात्र सरळ टाळावेत. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. परदेशातून थेट रोपे मागवणाऱ्यांनी २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश माहीत करून घ्यावा. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र नसलेले पार्सल अडवले जाऊ शकते.

घरी आणल्यावर : छंदाची खरी परीक्षा येथे सुरू होते, आणि सोलापुरात ती इतर शहरांपेक्षा कठीण असते. मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. दमट जंगलातल्या कॅलेथियाची पाने अशा हवेत कडांपासून वाळतात. बोअरचे जड पाणी घातल्यास कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि पानांची टोके जळतात. शहराला उजनीचे पाणी काही दिवसांआड येते. पिंपात साठवलेले हे पाणी झाडांना उलट बरे पडते, कारण उघड्यावर ठेवलेल्या पाण्यातला मोकळा क्लोरीन उडून जातो. पाण्याच्या कूलरने खोलीतला दमटपणा वाढतो, म्हणून नाजूक रोपे उन्हाळाभर कूलरच्या खोलीत हलवावीत, फक्त वाऱ्याचा थेट झोत चुकवावा. फाल्गुनापासून मृगापर्यंत दुरून रोप न आणणेच शहाणपणाचे. बंद गाडीत तासाभरात पाने उकडून निघतात.

नवे रोप दोन-तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवतात. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात लपतो, लाल कोळी पानाच्या मागे, आणि कोरड्या हवेत कोळी फार वेगाने पसरतो. मोठ्या दुकानातले रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असते. ते एकदा पूर्ण वाळले की वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मुळांभोवती लहान जाळी असेल तर ती कापून काढावी. कुंडी बदलताना सोलापूरची काळी माती अजिबात वापरू नये. कापसाला, ज्वारीला ती सोने आहे. कुंडीत ती ओली असताना मुळे कुजवते आणि वाळल्यावर भेगा पडून तोडते. कोकोपीट, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे शेणखत हे मिश्रण येथे चालते.

सोलापूरच्या हवेत न कुरकुरता राहतात ती स्नेक प्लांट, झीझी आणि होया. झीझी बटाट्यासारख्या गाठींत पाणी साठवते. स्नेक प्लांट आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतो, म्हणून दिवसाच्या झळांत त्याचे पाणी कमी उडते.

संकेत : आवडलेले रोप दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून मागच्या फळीवर दडवून ठेवणे संग्राहकांत वाईट समजले जाते, आणि ते वाईटच आहे. पाणी न मिळून ते तेथेच मरते. जमिनीवर पडलेले पान उचलावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. आपल्याकडे ‘चोरून आणलेला मनी प्लांट चांगला फोफावतो’ अशी समजूत आहे, पण वेल कोणाच्याही कटिंगपासून सारखाच वाढतो. मागितल्यावर एक काडी नाकारणारा झाडवाला विरळा.

रानातून उपटून आणलेली रोपे घेऊ नयेत, याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. शिंदळ माकुडी ही फक्त महाराष्ट्रात, शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर वाढणारी वनस्पती जगभरच्या सक्युलेंट-संग्राहकांना हवी असते. तिचे फ्रेरिया हे शास्त्रीय नाव मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून १८६० च्या दशकात ठेवले गेले. कड्यावरचे एक झाड काढले की ती जागा बहुधा रिकामीच राहते. रोपवाटिकेत फाटे लावून वाढवलेली शिंदळ माकुडी मात्र मिळते. पावसाळ्यात तिला पाने येतात, पाऊस सरताना पिवळ्या खुणांची तांबूस चांदणीसारखी फुले लागतात, आणि उन्हाळ्यात पाने गाळून ती नुसत्या मांसल खोडावर तग धरते. सोलापूरच्या खिडकीत ती मॉन्स्टेरापेक्षा सुखाने राहते.