पांढऱ्या एलईडीत पांढरं काही नसतंच

बंद पडलेल्या एलईडी बल्बची दुधी टोपी काढून कधी आत बघितलंय का? एका चकतीवर छोटे छोटे पिवळेजर्द चौकोन बसवलेले असतात. जळून पिवळे पडलेत असं बऱ्याच जणांना वाटतं, पण नवीन बल्बमध्येही ते तसेच असतात, आणि खरी गंमत त्या पिवळ्याखालीच आहे.

त्याखाली निळा दिवा आहे. पांढरा प्रकाश देणारी चिप नसतेच.

एलईडी म्हणजे दोन प्रकारचे अर्धवाहक (वीज धातूपेक्षा कमी पण काचेपेक्षा जास्त वाहू देणारे पदार्थ) एकमेकांना चिकटवलेले, एका बाजूला जास्तीचे इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. करंट दिला की इलेक्ट्रॉन त्या जागेत पडतो आणि पडताना जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्या ऊर्जेचा प्रकाशकण बाहेर येतो. उडी छोटी, साधारण १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टची (हे ऊर्जेचं एकक), तर लाल. २.७ ची मोठी उडी असेल तर निळा. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच केला, पण चांगला उजळ निळा यायला तीस वर्षं लागली, कारण त्यासाठी गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक हवा आणि त्यात रिकाम्या जागा काही केल्या तयार होईनात. त्या व्हाव्यात म्हणून मॅग्नेशियम घातलं तरी उपयोग शून्य. १९८९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ आकासाकी आणि अमानो यांनी त्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला आणि ते चाललं! का चाललं हे पुढे जपानच्याच नाकामुरांनी दाखवलं: स्फटिक वाढवताना त्यात हायड्रोजन घुसतो आणि मॅग्नेशियमला चिकटून त्याचं काम बंद पाडतो, झोताने ती जोडी तुटते, नुसतं तापवलं तरी तुटते. मला विज्ञानातली ही सगळ्यात सुंदर सोडवणूक वाटते. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

मग त्या निळ्या चिपवर सीरियम हा धातू मिसळलेल्या गार्नेट नावाच्या स्फटिकाचा थर देतात, हाच तो पिवळा. थोडा निळा प्रकाश तो शोषून पिवळा करून सोडतो, उरलेला निळा आरपार येतो, दोन्ही मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं. जुन्या सीडीवर बल्बचं प्रतिबिंब तिरकं धरून बघा, ठळक निळा पट्टा, मग फिकट जागा, मग हिरव्यापासून लालपर्यंत रुंद पट्टा.

९ वॅटमध्ये ६० वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड मिळतो म्हटल्यावर दिवे वाढले, रात्रभर चालू राहायला लागले. त्यातला निळा भाग हवेत फार विखुरतो, तरंगलांबी कमी झाली की विखुरणं चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा ६०० च्या नारिंगीपेक्षा तिपटीहून जास्त. म्हणून शहरावरचं आकाश उजळतं आणि तारे बुडतात. रात्रीच्या कृत्रिम उजेडाच्या २०१६ च्या जागतिक नकाशानुसार माणसांपैकी एक तृतीयांश लोकांना आकाशगंगा दिसतच नाही, माझ्या मते हे फार मोठं नुकसान आहे.

आपल्या डोळ्यात दिवस-रात्र ओळखणाऱ्या पेशीही ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्यालाच जास्त दाद देतात, त्यामुळे रात्री उशिरापर्यंतच्या पांढऱ्याफेक उजेडाने झोप पुढे ढकलली जाते. पण म्हणून ब्लू-लाइट चष्मे घेत सुटू नका. स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश दिवसा आकाशातून येतो, आणि त्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो याला पुरावा मिळालेला नाही. रात्री दिवा मंद करा, खोक्यावर ६५०० ऐवजी २७०० के (केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेला घ्या, त्यात निळा कमी असतो.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर तर ५६० नॅनोमीटरच्या वरचे, नारिंगी-लाल एलईडी लावायला सांगतात, कारण अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं उजेडाकडे धावतात आणि पांढऱ्या दिव्यामुळे समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात.