बूट होतानाच कोसळणारा कर्नल: क्रमाचं जुनं दुखणं

एका ड्रायव्हरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या, इनिट फंक्शनमध्ये (सुरुवातीची जुळवाजुळव करणाऱ्या भागात) रिकाम्या पॉइंटरला, म्हणजे कुठेच न नेणाऱ्या मेमरीच्या पत्त्याला, हात लागतो, एवढीच चूक. लिनक्स चालू असताना मॉडप्रोब या आज्ञेने हा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) नंतर जोडता येणारा तुकडा म्हणून, लोड केला तर 'ऊप्स', म्हणजे कर्नलमधल्या चुकीचा अहवाल, छापला जातो, मॉडप्रोब मरतो, मॉड्यूल अर्धवट अवस्थेत अडकून बसतं आणि बाकीचं यंत्र बहुधा चालत राहतं. तोच ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर त्याचं इनिट १ नंबरच्या, म्हणजे 'इनिट' याच नावाच्या पहिल्या प्रोसेसमध्ये चालतं. तिथे ऊप्स झाला की ती प्रोसेस मारली जाते, आणि ती गेली की कर्नलला पुढे जायला वाटच उरत नाही. पडद्यावर 'अटेम्प्टेड टू किल इनिट' येतं आणि पॅनिक, म्हणजे कर्नल सगळंच थांबवतो. चूक तीच, पण ती कधी आणि कोणाच्या नावावर घडली यावर निकाल ठरतो. बूटच्या वेळी कोसळणाऱ्या मॉड्यूलांचा इतिहास मुख्यतः या 'कधी'चा आहे.

पॅनिकची परंपरा युनिक्सपासूनची. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. आपला निम्मा कोड चुकांतून सावरण्यातच जातो असं ते युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक डेनिस रिची यांना म्हणाले. युनिक्समध्ये आम्ही ते सगळं वगळलं, असं उत्तर मिळालं: चूक झाली की पॅनिक नावाचं फंक्शन बोलवायचं, यंत्र बंद पडतं, आणि कोणीतरी ओरडून ते पुन्हा सुरू करायला सांगतं. यंत्राशेजारी माणूस बसलेला असे तोवर हे खपून गेलं.

१९९१ च्या लिनक्स ०.०१ मध्ये क्रमाचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. मेन फंक्शनमध्ये टीटीवाय, ट्रॅप, शेड्युलर, बफर, हार्ड डिस्क यांची इनिट फंक्शनं एकाखाली एक लिहिलेली होती. ओळींचा क्रम हाच बूटचा क्रम, आणि तो वाचता येत असे.

हार्डवेअर वाढलं तसं हे मोडलं. आयएसए बसवरची (कार्डं बसवण्याच्या जुन्या जोडणीवरची) कार्डं स्वतःहून ओळख देत नसत. ड्रायव्हरने ठरावीक पोर्टवर (हार्डवेअरच्या पत्त्यावर) काहीतरी लिहायचं, उत्तर वाचायचं आणि अंदाज बांधायचा. एनई२००० जातीच्या नेटवर्क कार्डाचा नेहमीचा पत्ता ०x३०० होता, पण त्याच पत्त्यावर दुसरंच कार्ड बसलेलं असू शकत होतं. एका ड्रायव्हरच्या चाचपणीने भलतंच कार्ड बिथरायचं आणि यंत्र तिथेच गोठायचं. यावर 'रिझर्व्ह' नावाचं बूट पॅरामीटर होतं: अमुक पत्त्यापासून इतके पोर्ट चाचपणीतून वगळ, असं कर्नलला सांगायचं. कोसळताना दिसणारा ड्रायव्हर आणि खरा दोषी ड्रायव्हर वेगळे असू शकतात, हा धडा तेव्हाचा आहे. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त वेळ आजही तो विसरल्यामुळेच वाया जातो.

१९९० च्या दशकातच लोड करता येणारी मॉड्यूलं आली. मागणीनुसार ती आणण्याचं काम आधी कर्नलडी हा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) करायचा, नंतर कर्नलमधलंच केमॉड करू लागलं. रस्टी रसेल यांनी कर्नलच्या २.५ मालिकेत लोडर नव्याने लिहिला, मॉड्यूल जोडण्याचं काम युजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडून) कर्नलमध्ये आलं, आणि डिसेंबर २००३ च्या २.६ मध्ये '.ओ'च्या जागी '.केओ' फाइली सर्वांना दिसू लागल्या. वितरकांनी मग बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल करून टाकले. त्यातून एक गुंता उभा राहिला: डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवला तर तो वाचणार कोण? उत्तर होतं इनिटआरडी, पुढे इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटलोडरने मेमरीत आणून ठेवलेली छोटी फाइलसिस्टीम. त्यात हवं ते मॉड्यूल नसलं की 'अनेबल टू माउंट रूट एफएस' (मुख्य फाइलसिस्टीम जोडता येत नाही) हा प्रसिद्ध पॅनिक येतो. तिथे कोणताच ड्रायव्हर कोसळलेला नसतो, तो फक्त हजर नसतो. जुन्या कर्नलने बूट करून इनिटरॅमएफएस पुन्हा बांधली की बहुतेकदा काम भागतं. तरीही अशा वेळी लोक ड्रायव्हरचा कोड उकरत बसतात.

२.४ च्या सुमारास इनिट फंक्शनं हाताने बोलावणं मागे पडलं. 'मॉड्यूल_इनिट' या एकाच मॅक्रोवर मॉड्यूल आणि अंगभूत ड्रायव्हर दोन्ही भागू लागले. पुढे पातळ्या ठरल्या: कोअर, पोस्टकोअर, आर्क, सबसिस, एफएस, डिव्हाइस, लेट. एका पातळीच्या आत मात्र क्रम लिंकर (कोडचे तुकडे एकत्र जोडणारा प्रोग्रॅम) ठरवतो, म्हणजे मेकफाइलमध्ये, बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, कोण आधी आलं त्यावर. एखादी ओळ वरखाली सरकली की वर्षानुवर्षं सुरळीत चालणारं यंत्र बूट व्हायचं थांबू शकतं, आणि बदलाच्या नोंदीत संशयास्पद काहीच दिसत नाही. शिवाय '__इनिट' खूण असलेला कोड बूटनंतर मेमरीतून काढून टाकला जातो. नंतर कोणी त्याला बोलावलं तर पाय मोकळ्या जागेवर पडतो. हे बांधणीच्या वेळीच पकडण्यासाठी 'सेक्शन मिसमॅच'चा इशारा आला. तो किरकोळ समजून सोडून देऊ नये.

मग घाई आली. सप्टेंबर २००८ मध्ये अर्जन व्हॅन दे व्हेन आणि ऑके कोक यांनी एका छोट्या नेटबुकवर लिनक्स पाच सेकंदांत बूट करून दाखवला. पुढच्या वर्षी काही इनिटं समांतर चालवण्याची सोय कर्नलमध्ये आली. आता डिस्क सापडण्याआधीच रूट माउंट करायची वेळ येऊ शकत होती, म्हणून डिस्क सापडेपर्यंत थांबायला सांगणारी 'रूटवेट'सारखी पॅरामीटरं रोजच्या वापरातली झाली. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर तर घड्याळ, व्होल्टेज रेग्युलेटर आणि पिना वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या ताब्यात. कोण कोणावर अवलंबून आहे हे एका ठरलेल्या यादीत बसेना. २०१२ च्या ३.४ मध्ये ग्रँट लाइकली यांची 'डिफर्ड प्रोब' ही युक्ती आली: लागणारी गोष्ट अजून तयार नसेल तर ड्रायव्हरने कोसळू नये, '-ईप्रोब_डिफर' परत करावं, आणि कर्नल त्याला नंतर पुन्हा बोलावेल. इतक्या वर्षांतला हा मला सर्वांत शहाणा उपाय वाटतो, कारण क्रम चुकणारच हे त्यात गृहीत आहे.

अर्ध्यावर फसलेलं इनिट मागे घेणं हा वेगळाच छळ. इंटरप्ट (हार्डवेअरने कर्नलला मारायची हाक) नोंदवला, पुढची पायरी फसली, फंक्शन चूक परत करून निघून गेलं, पण नोंद तशीच राहिली. मॉड्यूलची मेमरी मोकळी झाल्यावर इंटरप्ट आला की यंत्र आडवं. एकेक पायरी उलट क्रमाने मागे घेणाऱ्या 'गोटो' आज्ञांच्या उतरत्या शिड्यांनी हे सांभाळलं जायचं. २००७ च्या २.६.२१ मध्ये तेजुन हिओ यांनी आणलेल्या 'डेव्हएम' फंक्शनांनी ही आवराआवर कर्नलकडे सोपवली.

शोधाची साधनंही हळूहळूच सुधारली. पूर्वी ऊप्समधले नुसते आकडे 'केसिमूप्स' या साधनाला देऊन फंक्शनांची नावं काढावी लागत, २.६ पासून कर्नल स्वतःच नावं छापू लागला. 'इनिटकॉल_डीबग' दिलं की प्रत्येक इनिट सुरू आणि पूर्ण झाल्याची ओळ उमटते. जे सुरू झालं पण पूर्ण झालं नाही, तिथून शोध सुरू करायचा. 'इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट'ने एखादं अंगभूत इनिट वगळून बूट करता येतं. २००५ मध्ये आलेला केडंप (कोसळल्यावर दुसऱ्या, राखीव कर्नलकडून मेमरीची नोंद काढणारी सोय) इथे फारसा उपयोगी नाही, कारण त्याचा राखीव कर्नल लोड होण्याआधीच घात झालेला असतो.

१९ जुलै २०२४ ला हा सगळा विषय कर्नलवाल्यांच्या बाहेर पोचला. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरला एक नवी डेटा फाइल मिळाली. कोडची अपेक्षा २१ घटकांची, पुरवलेले २०. मर्यादेबाहेरची मेमरी वाचली गेली आणि निळा पडदा आला. ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच लोड होणारा, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झालं की पुन्हा तेच. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रांना फटका बसला. त्यांतल्या कितीतरी यंत्रांसमोर कोणाला तरी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती फाइल हाताने पुसावी लागली, आणि डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) बंद असेल तर आधी रिकव्हरी की शोधावी लागली. ड्रायव्हरवर वैध सही होती, पण त्याला मिळालेला डेटा त्या तपासणीच्या कक्षेत येतच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने 'क्विक मशीन रिकव्हरी' जाहीर केली: बूट न होणाऱ्या यंत्रालाही दुरून दुरुस्ती पोचवायची.

लिनक्सनेही २०२४ मध्येच ६.१० पासून पॅनिकसाठी वेगळा पडदा आणला, आणि ६.१२ मध्ये त्यावर क्यूआर कोडची सोय झाली, म्हणजे मोबाइलने टिपून कर्नलच्या शेवटच्या ओळी वाचता येतात. हा पडदा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या आधाराने उभा राहतो. घात त्या ड्रायव्हरच्या आधी झाला, किंवा त्याच्याच इनिटमध्ये झाला, तर अजूनही सीरियल केबलच जोडावी लागते.