मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा मंद का?

मोटारीचा एक हेडलाइट मंद झाला की बहुतेक गॅरेजमध्ये पुढचा क्रम ठरलेला असतो. बल्बचा होल्डर उपसायचा, मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब त्यात खुपसायचे, पडद्यावर १२.५ आकडा आला की निकाल द्यायचा: "वायरिंग ओके आहे, बल्ब गेलाय." नवा बल्ब लावला तरी उजेड तेवढाच. मग रिले (छोट्या धारेने मोठी धारा चालू-बंद करणारा स्विच) बदलतात, मग दिव्याचा स्विच, आणि शेवटी काहीच सुचलं नाही की बॅटरी. गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट बसते आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. तो असतो अर्थच्या (धारा बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टर्मिनलकडे परत नेणाऱ्या) वायरच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे, गंजाच्या पातळ थरात.

मेकॅनिकने मीटर लावला होता, आकडाही बरोबर वाचला होता. तरी निदान चुकलं, कारण होल्डरमध्ये विभवांतर (व्होल्टेज) असणं म्हणजे वायर चांगली असणं, असं तो धरून चालला. हा समज गॅरेजमध्ये आहे, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि डिप्लोमा झालेल्या मुलांमध्येही आहे. मोटारीची वायरिंग तपासायला शिकवायची तर आधी हा समज मोडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मल्टिमीटरची नॉब कुठे फिरवायची हे मुलं अर्ध्या तासात शिकतात. आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे मात्र कोणीतरी नीट शिकवावं लागतं.

नववीच्या विज्ञानात धाराविद्युत शिकताना ओहमचा नियम येतो: विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. गेऑर्ग ओहमने तो १८२७ मध्ये मांडला. परीक्षेत त्यावर गणितं येतात आणि मुलं ती सोडवतातही. पण त्यातली एक साधी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धारा शून्य असेल तर रोध कितीही असो, गुणाकार शून्यच. वाहत्या धारेशिवाय खराब जोड आपलं अस्तित्व दाखवू शकत नाही. होल्डरमधून बल्ब काढला की वायरमधून धारा वाहायची थांबते, मग गंजलेल्या लगवर व्होल्टेज पडत नाही आणि मीटरला बॅटरीचे सगळे १२.५ व्होल्ट दिसतात.

"पण मीटर लावला म्हणजे मीटरमधून थोडी तरी धारा जाणारच ना?" असं एखादी चौकस मुलगी विचारते, आणि तिथून खरी गंमत सुरू होते. जाते, पण किती? बऱ्यापैकी डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहम म्हणजे १० मेगाओहम असतो. १२.६ व्होल्टना एक कोटीने भागलं तर सव्वा मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा सुमारे आठ लाखावा भाग. हेडलाइटला लागतात पाच अँपिअर. पाच अँपिअर वाहून नेण्याची वायरची ताकद आपण सव्वा मायक्रोअँपिअर वाहवून तपासतो आहोत!

हे फळ्यावर लिहून मुलांना पटत नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये एक प्रयोग करून दाखवावा. चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी टेबलावर ठेवा. काळा प्रोब ऋण टर्मिनलला लावा. आता एका विद्यार्थ्याला डाव्या हाताची बोटं धन टर्मिनलवर टेकवायला सांगा आणि लाल प्रोबचं टोक उजव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरायला सांगा. मीटर आणि बॅटरी यांच्यामध्ये आता वायर नाही, एक जिवंत माणूस आहे. माणसाच्या शरीराचा रोध, त्यातही मुख्यतः कातडीचा, हात कोरडे की घामेजलेले यावर बराच बदलतो. तो एक लाख ओहम धरू. एक लाख आणि एक कोटी हे दोन रोध एकसरीत, म्हणजे एकापाठोपाठ एक, आले की व्होल्टेज त्याच प्रमाणात वाटलं जातं: १०१ भागांपैकी १०० भाग मीटरवर, एक भाग माणसावर. मीटर दाखवणार १२.४७ च्या आसपास. दोन-तीन मुलांनी हात धरून साखळी केली तरी आकडा फारसा उतरत नाही. मग वर्गाला विचारा: आकडा तर बारा व्होल्टच्या वर आहे, या मुलाला वायर म्हणून वापरून हेडलाइट लावू का? (हा प्रयोग फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर. घरच्या २३० व्होल्टच्या जवळपासही नेऊ नका. आणि हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवायला लावा, कारण दोन टर्मिनलच्या मध्ये धातू आला की तो क्षणात भाजण्याइतका तापतो.)

मीटर जितका चांगला तितका या बाबतीत आंधळा, हे समजायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांना अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन वेगळी यंत्रं वागवावी लागत. त्यांनी तिन्ही एकाच पेटीत बसवली आणि १९२३ मध्ये तो ॲव्होमीटर बाजारात आला. तो काट्याचा होता, आणि काटा हलवायला लागणारी धारा मोजल्या जाणाऱ्या सर्किटमधूनच ओढली जायची. पुढे चांगले काट्याचे मीटर प्रति व्होल्ट २०,००० ओहमपर्यंत पोहोचले. इलेक्ट्रॉनिक सर्किट मोजताना मीटरने स्वतः धारा खाऊ नये म्हणून सगळी धडपड रोध वाढवण्याची होती, आणि डिजिटल मीटरने ती तडीस नेली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हे वरदान ठरलं. मोटारीत मात्र जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा साधा टेस्ट लॅम्प अनेकदा सरस ठरतो. त्यातला २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे जोड खराब असेल तर तो मंद लागून लगेच सांगतो.

तर मग मल्टिमीटरने वायर तपासायची कशी? बल्ब जागेवर ठेवायचा, दिवा चालू करायचा आणि दोन्ही प्रोब एकाच वायरच्या दोन टोकांना लावायचे. यालाच व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. चांगल्या वायरवर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, खराब वायरवर आकडा चढतो. इतकी सोपी गोष्ट, पण प्रोब एक बॅटरीच्या धनला आणि दुसरा ऋणला लावायची सवय असलेल्या मुलाला एकाच वायरवर दोन्ही प्रोब ठेवायला सांगितलं की तो गोंधळून बघतो.

हा गोंधळ घालवण्यासाठी अख्ख्या सर्किटची फेरी मारायला लावावी. वहीत एकाखाली एक नोंदी. समजा इंजिन बंद, दिवा चालू, बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३ व्होल्ट. बॅटरीपासून फ्यूजपर्यंत ०.०५. रिले आणि स्विच मिळून ०.२५. तिथून होल्डरपर्यंत ०.१०. बल्बच्या दोन पिनांवर १०.२०. आणि बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत १.७०. बेरीज करा: बरोबर १२.३०. बंद फेरीतल्या सगळ्या घटींची बेरीज स्रोताइतकीच येते, हा गुस्ताव किरचॉफचा १८४५ चा नियम. मुलाने तो पाठ केलेला असतो. इथे तो स्वतःच्या हाताने काढलेल्या आकड्यांतून समोर येतो. बेरीज जुळली नाही तर एखादा तुकडा मोजायचा राहिला, हेही तिथेच कळतं. दोषी कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. अर्थवर पावणेदोन व्होल्ट गेले आहेत. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे १२ च्या जागी १०.२ मिळाले की व्होल्टेज १५ टक्के घटतं, पण उजेड ४० टक्क्यांच्या वर घटतो.

इथे हुशार मुलगा म्हणतो, "सर, मग सरळ ओहमवर टाकून वायरचा रोधच मोजू या की." मोजून बघू दे त्याला. वरच्या उदाहरणातला दोष आहे सुमारे ०.३७ ओहमचा. मीटरच्या दोन प्रोबच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.४ ओहम असतो, आणि साध्या मीटरला ०.१ च्या खालचं दिसत नाही. 'बीप' वाजते का हे बघणं तर त्याहून फसवं. बऱ्याच मीटरमध्ये ३०-४० ओहमपर्यंत बीप वाजतच राहते, आणि हेडलाइटच्या वायरीत ३० ओहम आले तर दिवा लागणारच नाही. बीप म्हणजे वायर तुटलेली नाही, एवढंच.

ओहमच्या खोड्या इथेच संपत नाहीत. ६० वॅटच्या बल्बचा थंड असताना रोध मोजला तर पाव ओहमच्या आसपास भरतो. ओहमच्या नियमाने धारा यायला हवी ४५-५० अँपिअर, येते मात्र पाच. टंगस्टन तापलं की त्याचा रोध दहापटीच्या आसपास वाढतो, म्हणून हा फरक. दिवा लावण्याच्या क्षणी बल्ब खरोखरच मोठी धारा ओढतो, आणि जुने बल्ब बहुधा लावतानाच का उडतात याचं एक कारण तेच.

आता हाच हिशोब सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरला, लावा. पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. केबलच्या जोडात ०.०२ ओहम जरी आले तरी १०० अँपिअरला दोन व्होल्ट गेले, आणि त्या एवढ्याशा जागेत २०० वॅट उष्णता तयार झाली. सेल्फ मारून झाल्यावर केबलचा लग हाताला गरम लागतो तो यामुळे. सेल्फ नुसता 'कट-कट' करतो तेव्हा बॅटरी गेली की केबल, हे ठरवायला दोन मोजमापं पुरतात. मदतनीस किल्ली फिरवत असताना आधी बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, प्रोब लावा. तिथेच व्होल्टेज ९.६ च्या बरंच खाली कोसळलं तर बॅटरी संशयित. तिचा आतला रोध वाढला आहे किंवा ती उतरली आहे. तिथे ११ टिकून आहेत आणि सेल्फच्या टर्मिनलवर ८ च मिळत आहेत, तर बॅटरी निर्दोष आहे आणि तीन व्होल्ट वाटेत जात आहेत. धन बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या वर काही गेलं तर जोड खोलून, घासून, पुन्हा आवळायचा. पावसाळ्यात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत हे काम वारंवार निघतं.

अर्थकडे मुलांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तारांची जाड पट्टी लावतात. ती तुटली की शंभर अँपिअरला दुसरी वाट शोधावी लागते, आणि ती सापडते ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमध्ये. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल तापणं, तिचं प्लास्टिक वितळणं, ती अडकणं हे सगळं या एका पट्टीमुळे होतं. मुलांना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं ऋण टर्मिनल यांमधला ड्रॉप मोजायला शिकवलं तर हा दोष एका मिनिटात सापडतो.

याच अर्थच्या नावाने बाजारात रंगीत वायरींची 'अर्थिंग किट' विकली जातात: मायलेज वाढेल, पिकअप वाढेल, असा दावा. कंपनीच्या पट्टीवर ०.०५ व्होल्ट जात असतील तर किट लावून जास्तीत जास्त तेवढेच वाचणार. पैसे देण्याआधी मीटर लावावा. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हाही तसाच रुजलेला समज. आजची बॅटरी पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात असते आणि त्यातून फरशीकडे वीज जायला वाट नाही. ती उतरते ती स्वतःच्या आतल्या रासायनिक क्रियेने, फळीवर ठेवली तरी उतरते. दोन सारख्या बॅटऱ्या, एक फरशीवर, एक फळीवर, महिनाभर ठेवून मुलांनीच मोजावं.

सुरक्षिततेचं एकदाच पण कडकपणे सांगावं. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला आणि तसाच बॅटरीवर लावला तर मीटर म्हणजे शॉर्ट सर्किटच; काही स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो. एअरबॅगच्या वायरींना, सहसा त्यांचे कनेक्टर पिवळे असतात, प्रोबही लावायचा नाही आणि टेस्ट लॅम्पही. इसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) सेन्सर वायरींवर टेस्ट लॅम्प वापरायचा नाही. आणि इलेक्ट्रिक मोटारीतल्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात, ते शिक्षण आणि ते मीटर वेगळे.

प्रॅक्टिकल घेताना एक पद्धत फार उपयोगी पडते: प्रोब लावण्याआधी विद्यार्थ्याने अपेक्षित आकडा वहीत लिहायचा, मगच मोजायचं. हेडलाइटचा स्विच चालू आहे, बल्ब जागेवर आहे, पण फ्यूज उडालेला आहे. फ्यूजच्या दोन टोकांना प्रोब लावले तर मीटर काय दाखवेल? बहुतेक वह्यांत शून्य लिहिलेलं असतं, कारण फ्यूज उडालाय म्हणजे वीज नाही. मीटर दाखवतो बॅटरीचे पूर्ण बारा व्होल्ट. धारा बंद असल्याने बाकीच्या फेरीत, अगदी बल्बवरसुद्धा, काहीच पडत नाही आणि सगळं विभवांतर त्या तुटलेल्या तारेच्या फटीवर येऊन बसतं.