एआय चुकलं की एआय बायस्ड आहे? एका स्क्रीनशॉटवरून नाही कळत

एआयने काहीतरी चुकीचं सांगितलं की लगेच स्क्रीनशॉट टाकून 'बघा किती बायस्ड आहे' म्हणायचं, हे रोज दिसतं आणि खरंच वैताग येतो, कारण या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि पकडायच्या पद्धतीही वेगळ्या आहेत.

हॅल्युसिनेशन सगळ्यांना माहितीय, नसलेली गोष्ट बिनधास्त ठोकून देणं. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि 5,000 डॉलर दंड बसला. एक जरी खटला शोधून बघितला असता तरी समजलं असतं.

बायस, म्हणजे सारखं एकाच बाजूला झुकणं, असा एका उत्तरात सापडत नाही. 'न्यायाधीशाचं चित्र काढ' म्हटलं आणि चष्मा लावलेला गंभीर पुरुष आला, तर त्यात चूक काय? काहीच नाही, असे न्यायाधीश असतातच. पण तोच प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला दिलेली तीच सूचना, परत परत द्या आणि दर वेळी पुरुषच येतोय का बघा. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने 2023 मध्ये स्टेबल डिफ्युजन या चित्रं काढणाऱ्या एआयकडून हजारो चित्रं काढून घेतली, त्यात न्यायाधीशांमध्ये बायका होत्या जेमतेम 3 टक्के, आणि अमेरिकेत प्रत्यक्षात तेव्हा होत्या 34 टक्के. त्यामुळे 'जगच तसं आहे, एआय काय करणार' हे जे ठासून सांगतात ना ते मला अजिबात पटत नाही, जग एवढं एकांगी नाहीये, ज्या डेटावरून एआय शिकलं त्यात जे जास्त वेळा दिसलं तेच ते पुढे करत राहतं आणि असलेला कल आणखी वाढवून ठेवतं. आणि 'मला तर बाईचं चित्र आलं, म्हणजे बायस नाही' हेही तितकंच बिनकामाचं, एका चित्रावरून दोन्ही बाजूंनी काही ठरत नाही.

तपासायचंच असेल तर फक्त एक शब्द बदला. नोकरीसाठी शिफारसपत्र लिहून घ्या, एकदा मुलाच्या नावाने, एकदा मुलीच्या, बाकी सगळं तेच, आणि हे बरेचदा करा कारण उत्तर तसंही दर वेळी थोडं बदलतं. मग विशेषणं शेजारी ठेवा. एकीकडे सारखं 'नेतृत्वगुण', 'कर्तबगार' आणि दुसरीकडे 'मनमिळाऊ', 'प्रेमळ' येत असेल तर तो बायस, मग प्रत्येक पत्र सुटं वाचताना कितीही छान वाटो. फॅक्ट चेक करून यातलं काहीही हाती लागणार नाही, कारण खोटं असं त्यात एकही वाक्य नसतं.