नवगाव आणि बेने इस्रायलींचा कुळशोध

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. गावाकडे ह्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. आपलं घराणं कुठलं, पहिली वस्ती कुणी आणि कधी केली हे शोधायचा नाद ह्या समाजात बऱ्याच जणांना असतो. शोध आडनावापासून सुरू होतो आणि बहुतेकांचा अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठच्या नवगावात येऊन अडतो.

आडनावाचं गणित सोपं, गावाच्या नावापुढे ‘कर’ जोडायचा. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर, तसेच नवगावकर, रोहेकर, आवासकर. अशी शंभरावर आडनावं आहेत आणि ती एकत्र मांडली की आजच्या रायगड जिल्ह्याचा किनाऱ्यापासून आतपर्यंतचा नकाशाच तयार होतो. पण नवशिके इथेच फसतात, कारण दिवेकर बेने इस्रायलही असतात आणि ब्राह्मणही. आडनाव फक्त गाव सांगतं, रक्त नाही, आणि तेसुद्धा पूर्वज कधीतरी त्या गावात राहत होते एवढंच, पहिले तिथेच उतरले असं नाही.

मूळ कथा अशी सांगतात की एक गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती तिथेच पुरली. नवगावच्या दफनभूमीत ती जागा दाखवतात, आता तिथे स्मारकस्तंभही आहे. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तकं बुडाली, म्हणून पुढे हिब्रू विसरली गेली, असं ह्याच कथेत येतं.

हे कधी घडलं ह्यावर मात्र एकमत नाही. हायम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या इतिहासात (छापला गेला तेल अवीवला १९३७ मध्ये) इ.स.पू. १७५ च्या आसपासचा काळ धरलाय, इस्रायलच्या उत्तरेकडच्या गॅलिली भागातून अँटायोकस ह्या ग्रीक राजाच्या जाचाला कंटाळून निघालेले लोक असं त्यांचं म्हणणं. मुख्य आधार असा की बेने इस्रायलींना हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण माहीत नव्हता, म्हणजे तो सण सुरू व्हायच्या आधीच ते निघाले असणार. युक्तिवाद हुशारीचा आहे पण कच्चा आहे, कारण विसरलेल्या गोष्टीवरून तारीख काढता येत नाही, आणि हे लोक तर बरंच काही विसरले होते. दुसरं मत येरुशलेमचं दुसरं मंदिर पडल्यानंतरचं, म्हणजे इ.स. ७० नंतरचं. तिसरं मत इराण किंवा येमेनकडून पाचव्या-सहाव्या शतकात आल्याचं, त्यात अलिबागजवळच्या चौल बंदराचा जुना व्यापार लक्षात घेतला तर हे निदान भूगोलाला धरून वाटतं.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ह्या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, दोन्हींचा वंश दिसला, ज्यू बाजू जास्त करून पुरुषांकडून, आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे ढोबळमानाने साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचं. म्हणजे मिश्रण मध्ययुगातलं, आगमन त्याच्या थोडं आधीचं असू शकतं. प्रस्तुत नोंदीचा कल ह्याच बाजूला आहे. अजून एक गोष्ट इथे नोंदवायला हवी की चित्तपावनांच्या उत्पत्तीकथेतही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं आहेत, परशुरामाने जिवंत केलेली. एकाच किनाऱ्यावर दोन समाज आणि दोन्हीकडे चौदा, तेव्हा आकडा इतिहासातला की कथेतला हे ज्याने त्याने ठरवावं.

लेखी उल्लेख उशिरा येतात. मायमोनिडीस ह्या ज्यू धर्मपंडिताच्या साधारण १२०० च्या पत्रात शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि सुंता एवढंच पाळणारे भारतातले ज्यू येतात, ते हेच का ह्यावर वाद आहे. सार्टोरियस ह्या मिशनऱ्याच्या १७३८ च्या पत्रातला उल्लेख जास्त स्पष्ट आहे, त्यात नाव बेने इस्रायल असंच येतं, आणि हे लोक फक्त शमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हणतात असं लिहिलंय.

डेव्हिड रहाबीची गोष्टही कुळशोधात हटकून येते. बाहेरून आलेल्या ह्या माणसाने बायकांना मिसळलेले मासे दिले, त्यांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे ज्यू धर्माला चालणारे, तेवढे वेगळे काढले, म्हणून त्याची खात्री पटली, आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर ह्या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून त्याने काझी, म्हणजे धर्मविधी करणारे, केलं. परंपरा त्याला खूप जुन्या काळात टाकते, पण तो अठराव्या शतकातला कोचीनच्या रहाबी घराण्यातला असावा हे मत जास्त पटण्यासारखं आहे. सणांची नावं मात्र देशीच होती, नव्याचा सण, खिरीचा सण, आणि योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, दारफाळणीचा सण, त्या दिवशी घराची दारं लावून बसायचे.

कागदांचा खरा माग अठराव्या शतकाच्या शेवटाला मुंबईत लागतो, कारण बरेच जण कंपनीच्या पलटणीत गेले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे नाव शोधायला गेलात तर कागदावर सामाजी हसाजी दिवेकर सापडेल, माणूस तोच. हे टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं, तिथल्या बोलीत मशीद. अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी अशी जोडी लावता आली तरच वंशावळ पुढे सरकते. नंतर उलटं झालं, शहरात कर गळून बापाचं नावच आडनाव झालं, म्हणून एकाच आजोबाची नातवंडं एका नोंदीत पेणकर आणि दुसऱ्यात मोझेस असू शकतात. थडग्यांवरचे मराठी-हिब्रू लेख अशा वेळी कामाला येतात, कोकणातल्या दमट हवेत जेवढे वाचता येतात तेवढे.

१९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. १९६४ मध्ये तिथल्या सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानलं, त्याआधी लग्नाच्या वेळी आईकडच्या पूर्वजांची चौकशी व्हायची, कारण ज्यूपण आईकडून धरतात. तिकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.